फुकट या शब्दाची पट्टी

मार्च अखेर. जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या डाळ मिलमध्ये
पुण्याहून माणूस आला, गळ्यात टाय,
कॉलरवर अजिंठा चौफुलीपासूनचा घाम.
विचारलं, सर्व्हरमध्ये कोअर किती?
मी म्हटलं, सोळा.
तो हसला, जसा मापाडी हसतो
काटा आपल्या बाजूला झुकला की.

दर कोअरमागे दर.
वर दरसाल बावीस टक्के, आधाराचे.
आधार हा शब्द तो तीनदा बोलला.

जानेवारीत, ऐन तुरीच्या आवकेत
डेटाबेस पडला होता,
तेव्हा या आधारानं मला अकरा आकडी तिकीट दिलं
आणि गोड आवाजात थांबायला सांगितलं.
गेटबाहेर त्रेचाळीस ट्रक.
एकाचा ड्रायव्हर टपावर चढून झोपला.

केशरीमलशेठ कुठलाही कागद पट्टीसारखा वाचतात:
हमाली, तोलाई, वाराई,
मग खाली उरलं ते आपलं.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, याशिवाय काय आहे?

आहे एक. उघडं आहे.
आतलं सगळं कुणालाही वाचता येतं, बदलता येतं.
लायसन्स शून्य.

शेठनी पेन खाली ठेवलं.
पन्नास वर्षांत त्यांना कुणी शून्य भावानं काही विकलं नव्हतं.
"फुकट," ते म्हणाले, "म्हणजे कोणाच्या खिशातून?"

मी आठ दिवस जागून केलेला तक्ता पुढे सरकवला.
डावा रकाना फुगलेला, सरळसोट.
उजव्यात आधी ते शून्य, आणि त्याच्या पोटात:
माल हलवायला तीन महिने,
दोन्ही डेटाबेस तोवर शेजारी शेजारी चालवायचे,
नाशिकचा सल्लागार, तासावर,
बॅकअपला दुसरं मशीन,
आणि ती अडतीस प्रोसिजर, जी लिहिणारा नितेश वारके
आता दुबईत असतो आणि फोन उचलत नाही.
शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं: रात्री.
पुढे आकडा नव्हता.

"मॅडम पगारावर आहेत," रोनित म्हणाला, शेठचा नातू,
"तिथे शून्य धरा."

दगा मुकादम दारात उभा होता, उचल मागायला आलेला.
त्याला विचारलं नव्हतं कुणी.
"विहीर गावनी शे शेठ," तो म्हणाला,
"पन दोर आपला लागस. ओढनारा बी."

शेठ उठले. खिडकीशी गेले.
समोर गोदामाच्या भिंतीवर हमालीचा फलक,
कट्ट्याचा दर, क्विंटलचा दर,
रात्री आठनंतर दीडपट.
परत आले आणि माझ्या ओळीपुढे स्वतःच्या अक्षरात
लिहिलं: दीडपट.
बेरीज केली. पुन्हा केली.
फार नाही, पहिल्या वर्षी सव्वा लाख वाचत होते.
पुण्याच्या माणसानं चहा अर्धाच टाकला.

दिवाळीत मिल बंद असताना आम्ही हललो.
नंतरचं सगळं सुरळीत झालं असं नाही.
डिसेंबरात एका रात्री वजनं दुप्पट दिसू लागली,
एसीच्या जाळीत डाळीचा कोंडा,
माझी मुलगी फोनवर: आई, किती वाजता?
तिकीट द्यायला कुणी नव्हतं.
मग मी ते उघडं दारच उघडलं,
आतली पानं उतरत उतरत वाचत गेले,
खाली कुठेतरी कुणीतरी दोन ओळींची टीप ठेवलेली:
इथे जपून, मी एकदा इथे चुकलो आहे.
एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. रविवार.
वेळ, रात्रीचे तीन.

वजनं पहाटे जागेवर आली.
पहिला ट्रक काट्यावर चढला, तो आवाज मला वर ऐकू आला.

त्या माणसाचं गाव मला माहीत नाही.
त्याचा रविवार कुणाच्या पट्टीत लिहिला गेला,
कुणी दीडपट लावली का,
हे शेठना विचारायचं राहिलंय.