पाय दावत न्हाईत

तिकडं रात्रीचे नऊ, इकडं सकाळचे साडेसहा.
सुभाषनगरातली आमची दहा बाय बाराची खोली,
तिला आम्ही कारखाना म्हणतो.
टीव्ही कातड्याच्या भाऱ्याला टेकवलेला,
आणि त्यात दोन मेजांमागे दोन माणसं,
एकाचा टाय निळा, एकाचा तांबडा.
"कुठल्या गावचा अध्यक्ष हुणार ह्यो?" हौसाआत्यानं विचारलं.
निवास म्हणाला, "जगाच्या."

चप्पल लाईनच्या शेठनं
दोनशे चाळीस जोड थांबवून ठेवलेत.
तिकडचा निकाल लागू दे, म्हणाला,
मालावर कर किती बसतोय कळू दे.
म्हणून हे बघायचं.
नाहीतर या वेळेला आमच्यात रेडिओ,
आणि रेडिओवर गुळाचा भाव.

मी बी.ए. दुसरं वर्ष, इंग्रजी.
मधल्या पाटावर मला बसवलं.
निळा दोन मिनिटं बोलला.
मी सांगितलं, तो म्हणतोय दुसरा खोटारडा आहे.
तांबडा दोन मिनिटं बोलला.
मी सांगितलं, तो पण तेच.
सुबरावकाकांनी आरी थांबवली.
"एवढ्याला चार मिंटं लागत्यात व्हय?"

निवासचा जीव निळ्यावर,
हात बघ, म्हणतो, कसा मोकळा टाकतोय.
आत्याचा तांबड्यावर, कारण त्याच्या कपाळावर घाम.
"घाम येतोय, म्हंजे अजून लाज हाय."
दारात चंदर गवळी किटली घेऊन उभा,
दूध घालायचं विसरून,
"मटणाचं काय करणार इचार की दोघास्नी."

काका एकटेच टीव्हीच्या खालच्या कडेकडं बघत होते.
"पाय दावत न्हाईत गा.
मुद्दाम मेजामागं हुबं केल्यात.
तोंडाचं काय, तोंड पाठ करून येतंय.
खोटं बोलताना माणसाचा अंगठा आत वळतोय.
चाळीस वर्सं मापं घेतली,
आमदाराचं घेतलं, वस्तादाचं घेतलं,
लगीन नको म्हणणाऱ्या नवऱ्याचंबी घेतलं.
कागदावर पाय ठेवला की माणूस
न इचारता बोलतोय."

मग बाहेरून येणाऱ्या मालाचा प्रश्न निघाला.
निवासची हातोडी थांबली.
आपली थांबल्यावर कळतं
शेजारच्या खोलीत पण हातोडीच आहे,
त्याच्या पलीकडं पण.
दोघांनी चार देशांची नावं घेतली.
आमचं नव्हतं.
हे बरं झालं की वाईट, कुणी बोललं नाही.
"कातड्याचं काय म्हणाला?"
"काही नाही."
"पायताणाचं?"
"नाही काका."
"मग आपलं दोनशे चाळीस कशात धरलंय त्यास्नी?"
मी जरा थांबले.
"इतर मध्ये," म्हणाले.
हे कुणी म्हटलं नव्हतं तिथं. माझ्याच मनचं.

दीड तासानं दिवे बदलले.
दोघं मेजामागनं बाहेर आले
आणि कॅमेरा चुकून खाली गेला.
चार काळे बूट, फार तर दोन सेकंद.
"थांब, थांब," काका टीव्हीलाच म्हणाले.
मग आमच्याकडं वळून,
"निळा नऊ नंबर. उजवी टाच भाईरनं झिजलेली.
तांबड्याचा बूट नवा हाय, चावतोय त्येला.
दीड तास सोसलंय बिचाऱ्यानं."
"मग जिंकलं कोण?"
"ते मला काय ठावं."

टीव्हीवर आता चौकटी चौकटीत माणसं,
सगळी एकदम बोलणारी.
आत्या घागर घेऊन गेली, नळाला पाणी आलं होतं.
शेठचा फोन आला: बघितलं न्हवं? थांबू अजून.

काकांनी कातड्यावर खडूनं एक तळ आखला,
नऊ नंबर,
उजव्या टाचेला बाहेरून दोन सूत जाड.
कुणाचा, म्हणून मी विचारलं.
त्यांना ऐकू गेलं नसावं.
निवासनं हातोडी परत सुरू केली होती.