बरगडीची नस

हडर्सफील्डच्या उतारावर सायकल घसरली,
तेव्हापासून डावा हात
सोबत राहायला आलेल्या आजारी पाहुण्यासारखा.
त्याला बाही घालायची,
दारातून आत घेताना सांभाळायचं.

डॉक्टरांनी बरगडीखालची एक नस उचलली
आणि दंडाला जोडून दिली.
म्हणाले, रोज एक मिलिमीटर. फार तर.
आईला फोनवर सांगितलं, मुंगीच्या पावलानं जाणार.
ती म्हणाली, मुंगीला निदान रस्ता माहीत असतो.

आठ महिने काही नाही.
रात्री अंगठा भाजायचा, आग नसताना.
मंगळवारी गेनर दंडावर बोट ठेवून म्हणायची,
श्वास घ्या. अजून खोल.
खिडकीबाहेर बंद गिरणीची चिमणी,
तीही माझ्यासारखीच, धूर विसरलेली.

मार्चमध्ये, एका हातानं चहा गाळताना,
शिंक आली
आणि कोपर हललं.
मी गाळणं तसंच धरून उभा.
पुन्हा शिंकायचा प्रयत्न केला,
मिरपूडसुद्धा हुंगली.

आता कप उचलायचा तर
आधी छाती भरून घ्यावी लागते.
वासंती आतून विचारते,
एवढा उसासा कसला?
काही नाही गं,
चहा पितोय.