खालच्या चार ओळी

माझी खाती चार. बँकेतली नव्हेत, मेलची.
प्रत्येकाच्या तळाशी मी वेगळी होऊन बसते.

कंपनीच्या खात्यात: प्र. ह. केणी,
वरिष्ठ सहाय्यक, खरेदी विभाग,
रबाळे एमआयडीसी, प्लॉट नंबर, एक्स्टेन्शन,
निळा लोगो, आणि त्याखाली एक हिरवं पान:
'हा मेल छापण्याआधी पर्यावरणाचा विचार करा.'
पान मी लावलेलं नाही. ते एचआरकडून आलं,
ओळखपत्राच्या दोरीसारखं.

आईच्या मसाल्याच्या खात्यात नुसती प्रतीक्षा.
पाव किलोपासून पुढे, ऐरोलीत घरपोच,
तिखट कमी हवं असल्यास आधी सांगणे.

कॉलेजच्या खात्यात अजून 'हसत राहा',
पुढे विसर्ग आणि अर्धा कंस, म्हणजे हसू.
तिथे आता फक्त विजेचं बिल येतं.

आणि चौथं,
दिवे कोळीवाडा मच्छीमार संस्थेचं.
पासवर्ड माझा, सही हिराजी काकांची.
काका चष्मा कपाळावर ठेवून सांगतात,
"मासली मेली ती लिव पयली. नाव मंगारी."
मी लिहिते: बोयटं, निवटी, चिंबोऱ्या,
मंगळवारी पहाटे, ओहोटी लागल्यावर,
पाण्यावर तवंग, वास नवसागरासारखा.
खाली: आपला नम्र,
हिराजी धर्मा केणी, सचिव.
तीन वर्षांत सतरा अर्ज.
सतरा वेळा नम्र.
एकदा उत्तर आलं होतं,
की त्यांची पेटी भरलेली आहे.

अठरावा मी ऑफिसातून पाठवला,
जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा,
एकाच पडद्यावर चारही खाती.
पाठवणाऱ्याचा रकाना बदलायचा राहिला.
मजकूर काकांचा गेला,
सही कंपनीची.

गेल्यावर दिसलं:
मेलेल्या निवट्यांच्या बरोबर खाली
निळा लोगो,
आणि ते पान.

काळ्या पट्टीत 'पूर्ववत करा' आलं.
दहा सेकंद असतात.
तोंडात भाकरीचा घास होता, तो चावत राहिले.
हात घाबरून हलला नाही
की दुसऱ्या कशाने,
हे मी स्वतःलाही अजून कळवलेलं नाही.

बेचाळीस मिनिटांत उत्तर.
'महोदया,
आपल्या पत्राची गंभीर दखल घेण्यात आली आहे.
कंपनीने स्वतःहून माहिती दिली, याबद्दल आभार.
सांडपाण्याची वाहिनी खाडीत नेमकी कोठे उघडते,
ते दाखवण्यास जबाबदार व्यक्ती
गुरुवारी अकरा वाजता हजर ठेवावी.'

जबाबदार व्यक्ती.
मी तर टोनर मागवते, हातमोजे मागवते,
आणि दर तिमाहीला दोनशे किलो चुना,
तो कुठे टाकतात, हे कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी काकांना वाचून दाखवलं.
त्यांनी दोनदा वाचायला लावलं,
'गंभीर दखल' तीनदा.
मग म्हणाले, "खाली नाव कोनाचा हाय?"
माझं.
"केणीच ना?"
केणीच.
"मंग बरोबर हाय."
आणि चहात खारी बुडवली,
जणू एवढंच विचारायचं होतं.

रात्री मी सेटिंग उघडून बसले.
कुठल्या खात्याला कुठली सही,
नव्या मेलला कुठली, उत्तराला कुठली.
एक पर्याय सगळ्यांत वर असतो: 'सही नको'.
त्यावर बोट नेलं, परत आणलं.
काकांच्या सहीत 'नम्र' होतं,
तेवढं खोडलं.
त्यांना विचारलं नाही.

सकाळी नऊ दहाला साहेबांचा मेल.
विषय कोरा.
मजकूर दोन शब्दांचा: जरा या.
त्याखाली पद, विभाग, तीन फोन नंबर,
लोगो.

पान.