पुन्हा बावीस

तांब्याची वाटी, बुडाशी सुईएवढं भोक.
पातेल्यातल्या पाण्यावर सोडायची,
भरून बुडाली की एक खडा बाजूला.
बावीस वाट्या म्हणजे एका घराची पाळी.

सतरा घरांचं गाव. डोंगराच्या पोटातून
भुयारानं येणारं पाणी, मनगटाएवढं.
पाटकरी इस्कंदर गेला तेव्हापासून
वाटीपाशी त्याची बायको बसते, माहरुख,
गुडघ्यांवर घोंगडी, शेजारी कंदील,
आणि रात्रभर मोठ्यानं मोजते,
बांधावर उभ्या माणसाला ऐकू जावं म्हणून.

मुलगा यज्दहून फोन करतो:
मोबाईलमध्ये घड्याळ असतं, आई.
ती म्हणते, असेल.

तूबाच्या डाळिंबांची पाळी पहाटे येते.
तूबाचा नवरा खाणीत राहिला,
जमीन उताराची, पाणी धरत नाही.
एकवीस, माहरुख म्हणते.
बावीस.
मग जरा खाकरून
पुन्हा बावीस.

पुढची पाळी करमअलीची.
फावडं टेकून तो अंधारात उभा,
हिशेबाचा पक्का, दाण्यादाण्याला भांडणारा.
तो खाली वाकून बुटाची नाडी सोडतो,
बांधतो,
पुन्हा सोडतो.