अर्धा मार्क

नागरिकशास्त्र वीस गुणांचं,
इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं,
शुक्रवारी शेवटच्या तासाला,
जेव्हा गोवंडीत डंपिंगचा वारा वळतो
आणि मी खिडक्या लावून घेते.

चांगला नागरिक रांग मोडत नाही,
असं फळ्यावर लिहून होतंय तोवर
रुकय्या म्हणाली,
"बाई, पण रांग लावली कुणी?"
पहाटे चारला तिचे तीन हंडे टँकरची वाट बघतात.
ती झोपलेली असली तरी हंडे उभे असतात.

मला दोन उत्तरं येत होती.
एक पुस्तकात होतं.
दुसरं देताना आवाज खाली गेला असता,
आणि खाली गेलेला आवाज पोरं बरोबर ऐकतात.
परवाच मतदारयादी घेऊन यांच्या गल्लीत हिंडले.
यल्लप्पाच्या आईनं चहा दिला,
म्हणाली, कुणाला द्यायचं तेवढं सांगा.
चहा प्यायले. सांगितलं नाही.

शेवटी म्हटलं, वॉर्ड ऑफिसला पत्र लिहा.
हेडसर म्हणाले, नगरसेवकाचं नाव नको.
नाव खोडलं,
गल्लीचा नंबर राहू दिला.

रुकय्यानं लिहिलं : पाण्यावर आमचा हाक आहे.
वहीत मी वर 'हक्क' लिहिलं, अर्धा मार्क कापला.
पत्र मात्र तिच्याच अक्षरात गेलं,
हाक तशीच ठेवून.

सोमवारी खिचडीच्या रांगेत
तिनं दोघांना ढकललं.
मी तिला मागं पाठवलं.
गेली,
ताटली छातीशी धरून,
माझ्याकडे बघत,
उलट्या पावलांनी.