परीटघडी

कुताइसीच्या मोठ्या थिएटरात
मी एकवीस वर्षं दिवे सांभाळले.
चंद्र म्हटलं की चंद्र, पहाट म्हटलं की पहाट,
ठरल्या वाक्याच्या ठरल्या शब्दाला.
मारेख तेव्हा रंगमंचाच्या पोटातल्या खोक्यात बसायची,
गुडघे हनुवटीशी, मांडीवर संहिता,
नटांच्या हातून पडलेली वाक्यं
खालून हळूच वर सरकवत.

एल्गुजासाहेबांचं नाटक म्हणजे परीटघडी.
सुरकुती खपायची नाही.
प्रेक्षक खोकला तर त्याचीही वेळ
वहीत लिहून ठेवायचे.

मग त्या फेब्रुवारीत, तिसऱ्या अंकात, वीज गेली.
मी फ्यूजकडे धावलो. फ्यूज ठीक होता,
अख्खं शहरच गेलं होतं.
मंचावर बेसारिओन, मरायला आलेला राजा,
वय खरंच बहात्तर.
अंधारात म्हणाला, "पाणी आहे का हो कोणाकडे?"

संहितेत हे वाक्य नव्हतं.
अकराव्या रांगेतून एक बाटली निघाली.
दिसत काहीच नव्हतं,
नुसतं डुचमळणं पुढे पुढे येत होतं,
या हातातून त्या हातात,
मधेच कोणी बाई म्हणाली, "सावकाश, झाकण सैल आहे."
राजा प्यायला. घोट आम्ही मोजले.

दिवे आले. राजा वेळेत मेला, सुरेख मेला.
टाळ्या झाल्या.
खोकं मात्र रिकामं होतं.

पुढचं सगळं ऐकीव.
म्हणे, तिने चालत्या मिनीबसमध्ये नाटक केलं,
लोकांना घरी जायचं होतं, ते आपापल्या थांब्यावर उतरून गेले.
म्हणे, बाजारात केलं,
भर स्वगतात अक्रोडवालीने अर्धा किलो तोलून दिले
आणि पुढच्या प्रयोगापासून मारेखने
ते अर्धा किलो स्वगतात घेतले.
एक हिवाळा तर कोणीच आलं नाही.
तिची आई मला पुलावर भेटली:
"ओतिया, ती नेमकं काय बसवते रे?
लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन नुसती बसते."
मी म्हटलं, येईल परत. आम्ही सगळे असंच म्हणायचो,
आणि मनात कुठेतरी तसं व्हावंसं वाटायचं,
हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग फोन आला.
"मला अंधार हवाय."
म्हटलं, बटण बंद कर.
"बंद करून मिळतो तो नको. केलेला हवा."

त्स्खाल्तुबोला बंद पडलेल्या एका आरोग्यधामाचं धुलाईघर.
जस्ताच्या कुंड्या, छपराला कबुतरं.
डांबर आणि पोती घेऊन चार दिवस मी भोकं बुजवली.
आयुष्यभर उजेड पेरला,
आता शिडीवर उभा राहून एकेक कवडसा मारत होतो.

सहा बायका, पूर्वी तिथेच धुणाऱ्या. नटी एकही नाही.
प्रेक्षक वीस. खुर्ची नाही.
तिबिलिसीहून आलेले समीक्षक अंधारात खुर्ची चाचपत राहिले,
तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या हातात
ओल्या चादरीचं टोक दिलं. "ओढा."

पलीकडचं टोक धरून नाझीब्रोला सांगत होती:
"खोली दोनशे चार. हा माणूस झोपून पत्रं लिहायचा,
शाई पाझरायची. तीनदा उकळली, गेली नाही.
चौथ्यांदा मी उकळलीच नाही."
पाणी निथळत होतं. कोणी हललं नाही.

आणि माझं एक भोक राहिलंच होतं, खिळ्याएवढं.
ऊन सरकलं, कवडसा थेट चादरीवर उतरला.
डांबर घेऊन धावलो, तर मारेखने बाही धरली.
"असू दे."
"चूक आहे ती माझी."
"म्हणूनच."

रात्री चादरी तशाच पडल्या, चुरगळलेल्या.
हाताला सवय, मी एक उचलली घडी घालायला,
आणि एकट्याला जमेना.

समीक्षकांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही.
डांबराचे पैसे तिने अजून दिलेले नाहीत.