बिनचहाचं घर

पहिल्याच आठवड्यात गोडांबे काकूंनी विचारलं,
वाटीभर चहापत्ती आहे का गं?
मी म्हटलं, नाही.
दोन दिवसांनी पुन्हा. पुन्हा नाही.
मग त्याच घेऊन आल्या, कागदाच्या पुडीत बांधून:
नवा संसार, असतं असं. लाजू नकोस.

ती पुडी मिठाच्या बरणीमागे आहे.
फेकवत नाही.
बरणी काढली की वास येतो,
आईच्या ओट्याचा, सकाळी सहाचा.

अमोघला तो वास म्हणजे शेजाऱ्यांचा वास.
त्याच्या घरी जन्मापासून नाचणीची पेज,
आणि वडील मोठ्यानं ग्रंथाचं पान वाचणार,
कुकरची शिट्टी झाली की थांबणार,
मग त्याच शब्दापासून पुढे.
मी मात्र बाविसाव्या वर्षी आले,
पाण्यात पूर्ण बुडून.
केस निथळत होते, कुणीतरी टॉवेल दिला
आणि मला 'बहीण' म्हणालं.
मला सख्खी नव्हती.

रविवारी पांढरा शर्ट, टाय, धानोरीतून रिक्षा.
गोडांबे काका विचारतात, कुठे एवढे सजून?
अमोघ सांगतो, आमच्या शाखेत.
काका खूश. कुठल्या भागातली?
लाठी शिकवतात का अजून?
आम्ही जिन्यात कठडा धरून हसलो.

लग्न इथंच झालं, रजिस्ट्रारसमोर, चार सह्या.
मग साठवलेल्या पैशांतून बँकॉक.
ऑफिसात सगळ्यांनी डोळे मिचकावले.
आता कुणाकुणाला सांगू,
आम्ही देवळात गेलो होतो,
एका शांत खोलीत गुडघे टेकून हातात हात धरला,
समोरासमोरच्या आरशांत
आम्ही दोघं, आमच्यामागे आम्ही दोघं,
लहान होत होत
दिसेनासे होईपर्यंत आम्हीच.

आई म्हणाली, मी वडाला सात जन्म मागते,
तेही बिचकत, तुझे बाबा माहीत आहेत तुला.
तुम्ही एकदम कायमचंच?

इथं लोखंडी कपाटाला एकच आरसा.
त्यावर माझ्या जुन्या टिकल्या, माहेरून कपाटासोबत आलेल्या.
त्यात मावतो एका वेळी एकच जण,
तोही गळ्यापर्यंत.

कायमचं काय ते मला नीट कळत नाही.
मला कळतं ते महिनाअखेरपर्यंतचं.
परवा दशांशाचं पाकीट त्याने आधी बाजूला काढलं,
मिक्सरचे पैसे नंतर बघू म्हणाला.
मी म्हटलं, देवाला चटणी वाटायची नसते.
तो म्हणाला, तुला अजून जमत नाहीये.
'अजून'.
तो शब्द रात्रीपर्यंत ओट्यावर पडून होता,
मी त्याच्याभोवतीनं पुसून घेतलं.

तरी झोपण्याआधी गुडघे टेकायचेच.
फरशी गार, आमच्यात एका उशीचं अंतर.
नंबर त्याचा.
हिच्या पाठीला आराम दे, म्हणाला.
आणि दुपारी मी जे
इथं थांबला.
पंख्याचा कटकट आवाज. खाली कुणीतरी गाडी लावली.
मग तो तेलुगूत बोलायला लागला.
दोन वर्षं तिकडे दारोदार हिंडला होता,
बंद होणाऱ्या दारांसमोर
ओळखीच्या भाषेतला माज गळून पडला असणार.
मला दोनच शब्द कळले,
माझं नाव, आणि क्षमिंचु.
आमेन मी म्हटलं. जरा उशिरा म्हटलं.
उशी उचलून त्याला दिली.

काल महिन्याचा पहिला रविवार, उपास.
दोन वेळचं जेवण वाचवून कुणाच्या तरी ताटात.
संध्याकाळी दार वाजलं.
काकू, हातात हिरवी पाती, कुंडीतली:
गवती चहा आहे. नुसतं नाव चहाचं.
चालेल का तुमच्या देवाला?

अमोघ माझ्याकडे बघत राहिला,
जणू उत्तर मला माहीत आहे.
मी पातेलं ठेवलं, तिघांचं.
आलं किसायला किसणी सापडेना,
काकू म्हणाल्या, ठेच गं वरवंट्यानं, मिक्सर कशाला लागतो.